पुंडलिकाचा उलटा हात

कन्नडच्या आठवडी बाजारात कधी गेलात, तर मिरचीवाल्यांच्या पुढं, जुने कपडे विकणाऱ्यांच्या ओळीत एक माणूस पोतं अंथरून बसलेला दिसेल. वय पन्नासच्या आसपास, अंगात कंपनीचा जुना निळा शर्ट, चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला. त्याच्या पोत्यावर विकायला काही नसतं. पुढं एक पुठ्ठा उभा केलेला असतो. त्यावर लिहिलंय, ‘फोन गरम होतो का? दाखवा. पैसे नाहीत.’

बाजारकरी त्याची टिंगल करतात. कुणी मुद्दाम आपला फोन त्याच्या हातात देतं. तो फोन उघडत नाही, चालूसुद्धा करत नाही. उजवा हात उलटा करतो आणि बोटांची मागची बाजू फोनच्या पाठीला लावून थोडा वेळ तसाच बसतो, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा. मग मान हलवतो. "नाय, ह्यो नाय," म्हणतो आणि फोन परत देतो.

हा पुंडलिक. मी त्याला नऊ वर्षं ओळखतो आणि माझा त्याच्यावर राग आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी काही वाकडं बोललो तर नवल वाटायला नको. रागाचं कारण ओघानं येईलच.

छावणीच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान आहे. जवानांचे गणवेश, छातीवरच्या नावाच्या पट्ट्या, खांद्यावरच्या फिती, हे माझं काम. बाप हेच करायचा, मीही हेच करतो. शेजारी पुंडलिकाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. दोघांच्या मधे एकच पत्रा. तो शिंकला की मला ऐकू येतं आणि माझी कात्री पडली की त्याला. इतकी वर्षं पत्र्याला पाठ लावून बसलेली दोन माणसं एकमेकांना जेवढी कळायला हवीत तेवढी आम्ही कळलो आहोत, असा माझा समज होता.

पुंडलिक मूळचा शेंद्र्याकडचा. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आणि तिथल्याच एका कंपनीत तो मशीनवर लागला. चौदा वर्षं काढली. तिथं त्याला एक गोष्ट कळली, आणि तीच त्याच्या डोक्यात कायमची बसली. मशीनवर पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर मशीननं किती वेगानं चालायचं ते कोरलेलं असतं. पुंडलिकानं एकदा साहेबांच्या नकळत तो आकडा ओलांडला. मशीन चाललं. आणखी ओलांडला, तरी चाललं. महिन्याच्या शेवटी माल वाढलेला बघून साहेबानं त्याला सगळ्यांपुढं शाबासकी दिली. पुढं माणसं कमी केली तेव्हा हा घरी बसला, ती गोष्ट वेगळी. पण शाबासकी तो विसरला नाही.

"मास्तर, पट्टीवर लिव्हलेली गती कधीच खरी नसती," तो मला म्हणायचा. शिंप्याला आमच्याकडं मास्तर म्हणतात. "कंपनी भित्री असती. आपल्या मालाला लगाम लावून विकती."

फोनचंही त्याला हेच दिसलं. फोनच्या आत प्रोसेसर असतो, त्याला मेंदू म्हणा. तो सारखा पळत नाही. काम नसलं की हळू होतो, काम आलं की जोर धरतो, आणि तापला की आपोआप पुन्हा हळू होतो. ही सगळी व्यवस्था कंपनीनं आतल्या एका खोलीत करून ठेवलेली असते आणि त्या खोलीला कुलूप असतं. ‘रूट’ करणं म्हणजे ते कुलूप काढणं. एकदा ते निघालं की प्रोसेसरनं किती पळायचं, कधी थांबायचं, हे फोनचा मालक ठरवतो. म्हणजे पुंडलिक ठरवायचा.

त्याचा हात चांगला होता, हे नाकारून चालणार नाही. माझ्या फोनची बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नव्हती. त्यानं पडद्यावर दोन आकडे खाली ओढले, प्रोसेसरची धाव कमी केली, आणि तोच फोन दोन दिवस चालायला लागला. "म्हाताऱ्या माणसाला म्हाताऱ्या चालीचा फोन," म्हणून वर मला चिडवलंही. मी त्याला चहा पाजला.

पण त्याचं खरं गिऱ्हाईक निराळं होतं. हॉस्टेलवरची कॉलेजची पोरं. त्यांना फोनवर लढाईचे खेळ खेळायचे असत आणि जुना फोन ऐन मोक्याला अडखळत असे. शिवम नावाच्या एकानं पहिल्यांदा फोन आणला आणि म्हणाला, "चाचा, पूरा स्पीड चाहिये, बीच में स्लो नहीं होना." पुंडलिकानं प्रोसेसर सगळ्यात वरच्या आकड्यावर नेऊन तिथंच खिळवला. तरी तापला की फोन हळू व्हायचाच. मग त्यानं तापल्यावर हळू करणारी आतली राखणच काढून टाकली. आणि पोरांना प्रत्येक वेळी सेटिंग लावत बसायला नको म्हणून हे सगळं फोनच्या मूळ प्रणालीतच बसवून दिलं.

पत्र्याच्या अलीकडून मी म्हणालो होतो, "अरे पुंडलिक, तापल्यावर थांबायला नको का? माणूससुद्धा थांबतो."

"तुम्ही शर्टाला गुंडी लावा, मास्तर," तो म्हणाला.

पोरं खूश झाली. एकानं दुसऱ्याला सांगितलं. खेळणारी पोरं तळहात भाजले की फोन पंख्यापुढं धरायची, त्याच्या पाठीला ओलं फडकं लावायची, ती त्यातली तयार होती. वर्षभरात त्यांना नवे फोन आले. जुने त्यांनी पुंडलिकालाच देऊन टाकले. पुंडलिकानं ते ‘रीसेट’ केले, पुसून लख्ख केले, नवी पाठ लावली आणि कमी भावात विकले. एक माझ्या घरीही आला. आमची मंडळी पहाटे त्यावर वंदना लावायची आणि दिवसभर तो उशीशी पडलेला असायचा. स्वस्तात मिळाला म्हणून मी चार लोकांत सांगितलंही.

रीसेट केलं की फोन कोरा होतो, असं तुम्हा-आम्हाला वाटतं. पुंडलिकालाही वाटलं, आणि त्याला तसं वाटायला नको होतं, कारण ते त्याचं काम होतं. रीसेटनं घर झाडून निघतं, सामान बाहेर जातं, पण भिंतीत घातलेली वायर तशीच राहते. आणि वायर तर यानंच भिंतीत घातली होती.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. थंडी जबर होती. एका रविवारी दुपारी पत्र्याच्या पलीकडून जळकट वास आला, प्लास्टिक आणि गोडसर काहीतरी मिळून. मी ओरडून विचारलं. "काय नाय, सोल्डरिंग करतोय," तो म्हणाला. पण त्याचा आवाज मला बसल्यासारखा वाटला. संध्याकाळी त्यानं लवकर शटर ओढलं.

सोमवारी तो माझ्या घरी आला. नऊ वर्षांत तो बोलावल्याशिवाय कधी घरी आला नव्हता. वहिनींचा फोन अपडेट करायचाय, फुकट आहे, म्हणाला. फोन घेऊन गेला आणि त्याच्या बदली दुसरा ठेवून गेला. मंगळवारी त्याचं दुकान दिवसभर बंद होतं.

बुधवारी सकाळी मी दुकान झाडत होतो, तर हा पायरीवर उभा. दाढी वाढलेली, हातात हेल्मेट.

"मास्तर, गाडी काढा. कन्नडला जायचंय."

"माझं कापड कापायचं राहिलंय. काय झालं?"

मग त्यानं सांगितलं. हॉस्टेलवाल्या पोरांचा एक फोन त्याच्या ड्रॉवरमधे विकायला पडून होता. चार्जिंगला लावला तर एवढा तापला की बॅटरी फुगून पाठ उघडली. त्यानं आत शिरून बघितलं. रीसेट करूनही प्रोसेसर वरच्याच आकड्यावर होता आणि राखण नव्हतीच.

"आज सकाळी कळलं," तो म्हणाला. "अन् तसलाच एक मी गोजरबाईला इकलाय."

"कोण गोजरबाई?"

"ऊसतोडीवाली. कन्नडकडच्या टोळीतली. दवाखान्याला आली होती छावणीत. सून बाळंत झालीय, लेकरू गाण्याबिगर झोपत नाय म्हणाली. झोळीत ठेवायला फोन पायजे. सिम नको, नुसती गाणी भरून द्या म्हणाली. मी दिली भरून."

आमच्याकडं लेकराची झोळी साडीची असते. आढ्याला किंवा मेढीला, म्हणजे मधल्या खांबाला, बांधतात, लेकराच्या अंगाभोवती कापड घट्ट येतं. आणि ऊसतोडवाल्यांची घरं म्हणजे कोप्या, उसाच्या वाळलेल्या पाचटाच्या. एक ठिणगी पडली तर धावत बाहेर यायलाही सवड मिळत नाही.  मी झाडू ठेवला आणि गाडीची किल्ली घेतली.

गोजरबाईचा पत्ता त्याच्याकडं नव्हता. पण एस.टी.ची वेळ विचारायला तिनं त्याच्याच फोनवरून टोळीच्या मुकादमाला फोन लावला होता. तो नंबर सापडला. दौलताबादच्या अलीकडं गाडी थांबवून आम्ही लावला. बंद. खुलताबादला लावला, बंद. वेरूळला सहलीच्या बसगाड्यांनी रस्ता अडवला होता. पुंडलिक मागं बसून हॉर्नच्या आवाजातही पुढं सरकणारी एकेक बस मोजत होता, ते मला ऐकू येत होतं.

हतनूरच्या पुढं मुकादमानं उचलला. कचरू त्याचं नाव. तो कारखान्यावर होता, गाडी खाली व्हायची होती.

"टोळी हलली की आता," तो म्हणाला. "पिशोरच्या रोडला, नदीच्या अंगाला. पंप हाऊसच्या मागं कोप्या हायेत."

"दादा, तिथं कुणाला तरी निरोप द्या," पुंडलिक म्हणाला. "गोजरबाईचा फोन झोळीतनं काढून बाहेर मोकळ्यात ठेवा म्हणाव. आत्ताच्या आत्ता."

"तिथं रेंज नाय, पाव्हणं. अन् समदे ऊस तोडायला फडात असतेल. म्हातारी एकटीच कोपीवर. का, चोरीचा हाय व्हय फोन?"

"चोरीचा नाय," पुंडलिक म्हणाला.  फोन कटला.

कन्नड ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना तुटलेले फड लागले. ऊस गेला की रान मोकळं करायला पाचट जाळतात. जानेवारीत सगळीकडं तेच चालतं, डोळे मिटूनही त्या वासावरून मी सांगेन की कुठला महिना आहे. पण त्या दिवशी प्रत्येक धूर मला दिसत होता. उजव्या हाताला एक, नदीच्या बाजूला दोन, लांब डोंगराच्या खाली एक जाड काळा. पुंडलिक मागून माझा खांदा दाबायचा आणि "तिकडं का?" म्हणायचा. मी म्हणायचो, "पाचट आहे रे." ते मी त्याच्यासाठी म्हणत होतो की माझ्यासाठी, कोण जाणे. मला खरोखर भीती वाटत होती. 

पंप हाऊसच्या मागं जवळच्या धुराकडं जाणारी वाट होती. शेवटचा तुकडा गाडी जाईना. आम्ही पळत गेलो.

आठ-दहा कोप्या एका ओळीत उभ्या होत्या. धूर त्यांच्या मागच्या रानातला होता. कुठं माणूस नव्हतं. बैल बांधायच्या खुंट्या मोकळ्या, चुली विझलेल्या, एक कुत्रं उभं राहून आमच्याकडं बघत होतं. आणि चौथ्या का पाचव्या कोपीतून गाणं येत होतं. अंगाईचंच, पण बारीक, चिरकं, पुन्हा पुन्हा तीच ओळ. फोन अडकला होता.

आम्ही वाकून आत शिरलो. मधल्या मेढीला हिरव्या साडीची झोळी. तिच्यातून एक काळी वायर खाली लोंबत होती, तिच्या टोकाला जमिनीवर पॉवर बँक. झोळी हलत नव्हती.

पुंडलिकाचे पाय तिथंच अडले. झोळीचं कापड मी बाजूला केलं. आतमधे लेकरू टक्क जागं होतं. चार महिन्यांचं असेल. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि रडलं नाही, नुसतं ओठ काढले. फोन त्याच्या पायांच्या खाली, दुपट्याच्या घडीत खोचलेला. मी हात घातला आणि मागं घेतला. गरम तव्याजवळ हात जावा तशी धग होती. मग पुंडलिक पुढं झाला. उघड्या हातानं त्यानं फोन उपसला, वायर तोडली आणि बाहेर धावला. मी बघत होतो. फोनची पाठ भाकरीसारखी फुगलेली होती, काच एका कडेनं उचकटलेली. त्यानं तो लांब नांगरटीत फेकला आणि ओंजळीनं त्यावर माती लोटत राहिला. काही झालं नाही. ना धूर निघाला, ना आवाज झाला. मातीच्या खालून गाणं थोडा वेळ येत राहिलं, मग बंद पडलं.

गाणं बंद झालं तसं लेकरू रडायला लागलं.

त्या आवाजानं गोजरबाई आली. ओढ्यावर धुणं धुवायला गेली होती. पदर ओला, हातात मोगरी. आधी तिला वाटलं चोर शिरले. मग तिनं पुंडलिकाला ओळखलं आणि तिचा चेहरा एकदम खुलला.

"दुकानवालं दादा! इतक्या लांब कसं आलात?"

"मावशी, त्या फोनात बिघाड हाय," पुंडलिक म्हणाला. "तो वापरायचा नाय. धोक्याचा हाय."

"बिघाड कशाचा? लई गुणाचा हाय," गोजरबाई म्हणाली. "चार्जिंग तेवढं खातो. म्हणून मग त्यो डबा लावूनच ठिवतो आम्ही. पण ऊब काय देतो! ह्या हिवात लेकराच्या पायाशी ठिवला की गप पडून ऱ्हातंय. मी तर समद्या बायांना सांगितलं, दादांच्या दुकानचा फोन घ्या म्हणून."

बोलता बोलता तिनं लेकराला झोळीतून उचललं, आणि मग मला त्याची टाच दिसली. डाव्या पायाची. रुपयाएवढा फोड होता, कडेनं लाल. त्याला हळद लावलेली होती.

"हे काय झालं?" मी विचारलं.

"काल रातच्याला," ती म्हणाली. "लई रडलं बघा. आम्हाला वाटलं गाणं थांबलं म्हणून रडतंय, म्हणून परत लावून दिलं. सकाळी बघतो तर ह्यो फोड. चुलीतला निखारा उडाला असंल. झोळी चुलीच्या अंगाला होती की."

पुंडलिक खाली बसला. कोपीच्या दारात, मातीत, तसाच.

तेवढ्यात सून आली. सरिता तिचं नाव. लेकराला पाजायची वेळ झाली म्हणून फडातून आली होती. हात कोपरापर्यंत फडक्यांनी गुंडाळलेले, केसांत पाचटाचे तुकडे. वय वीस-बावीसच्या वर नसेल. सासूनं तिला सगळं सांगितलं, आणि मी जे सांगायचं टाळत होतो ते तिला आपोआप कळलं. तिनं लेकराची टाच हातात घेतली.

"निखारा नव्हता, आत्या," ती म्हणाली. "मीच पायाशी सारला फोन. पाय गार लागले म्हणून मीच. रडत हुतं, तरी मी अजून कापड दाबलं वरनं."

ती रडली नाही. टाच धरून उभी राहिली. मला वाटलं पुंडलिक आता बोलेल. बाई, तुझा दोष नाही, माझा आहे, एवढं वाक्य होतं ते. तो बोलला, पण दुसरंच.

"फोनच खराब हाय, ताई. आज सकाळी कळलं मला. तसा निघालो."

"आज सकाळी?" ती म्हणाली. "अन् एवढ्या लांबनं लगेच आलात?" तिनं सासूकडं बघितलं. "कोण येतं हो इतकं, आपल्यासारख्यासाठी?"

गाडीवर आम्ही तिला आणि लेकराला पिशोरला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, वरवरचं नाही, पण बरं होईल, डाग राहील. मलमपट्टी झाली. पिशोरला रेंज होती, तिथंच पुंडलिकानं स्वतःच्या फोनात तीच गाणी भरली आणि परत सोडलं तेव्हा तो तिच्या हातात दिला. अंगाला लावून ठेवायचा नाही, चार्जिंगला असताना झोळीत ठेवायचा नाही, हे तीनदा सांगितलं. ती प्रत्येक वेळी ‘व्हय दादा’ म्हणाली. निघताना गोजरबाईनं पाच उसाच्या कांड्या सोलून, पानात बांधून दिल्या. रिकाम्या हातानं पाव्हण्याला वाटेला लावायचं नसतं म्हणाली. कांड्या मी टाकीवरच्या पिशवीत ठेवल्या.

आम्ही परत निघालो, वेरूळचा घाट लागला. मला बरं वाटत होतं. लेकरू जिवंत होतं, कोपी उभी होती, आपण वेळेवर पोचलो, असं माझ्या मनात चाललं होतं. त्या पोरीचं वाक्यही आठवत होतं, आणि खोटं कशाला बोलू, त्यानं मला जरा फुगल्यासारखं झालं होतं. मग घाटाच्या वरच्या वळणावर मला जळक्या प्लास्टिकचा वास आठवला. तो वास रविवारचा होता.

मी गाडी कडेला घेतली.

"पुंडलिक, वास रविवारी आला होता."

तो उतरला. 

"सोमवारी तू माझ्या घरी आलास. अपडेट नव्हतं ते."

"नाय."

"मंगळवारी कुठं होतास?"

"पडेगावला. मग सिडकोत. मग एका वकिलाकडं." हेल्मेटची पट्टी तो बोटाभोवती गुंडाळत होता. "सात फोन इकले होते, मास्तर. जे येऊन भांडतील, पोलिसात जातील, त्यांचे आधी गोळा केले. दुकानाचं नाव जाईल ही भीती होती. गोजरबाई काय, कुठं येऊन भांडणार होती? म्हणून ती मागं ठिवली."

"रविवारी निघाला असतास तर?"

"लेकराचा पाय काल रातच्याला भाजला," तो म्हणाला. "मला हिशोब कळतो, मास्तर."

मला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली. हात उचललाही. आणि मग विचारलं, का विचारलं कोण जाणे, "माझ्या घरचा कितवा घेतलास?"

"पहिला," पुंडलिक म्हणाला.

माझा हात खाली आला. सोमवारी आमची मंडळी फोन बदलून मिळाला म्हणून खूश होती. मीही होतो. नऊ वर्षांत न आलेला माणूस घरी का आला, हे मी त्याला विचारलं नव्हतं. आपल्या घरात चांगलं झालं की माणूस विचारत नाही. छावणीत येईपर्यंत तो मागं बसून होता आणि मी गाडी चालवत होतो. कांड्या दुकानात ठेवल्या. कुणी खाल्ल्या नाहीत. चार दिवसांनी त्या काळ्या पडल्या तेव्हा मी टाकून दिल्या.

सातातले सहा फोन सापडले. सातवा एक माणूस दुकानातून घेऊन गेला होता, कन्नडच्या बाजाराला असतो म्हणाला होता. कानात बाळी, डोक्याला मफलर, एवढंच पुंडलिकाला आठवतं. लेकीला द्यायचाय म्हणाला होता, सासरी तिला करमत नाही. त्यासाठी पुंडलिक दर आठवड्याला दुकान बंद करून तिथं जाऊन बसतो. पोरांच्या फोनांचा वेग वाढवायचं काम त्यानं सोडलं. कुणी मागितलं तर पत्र्याच्या पलीकडून "होत नाय" एवढंच ऐकू येतं.

मागच्या महिन्यात टोळी पुन्हा आली, तेव्हा मी एकटाच जाऊन आलो. लेकरू आता चालायला लागलंय. डावी टाच टेकताना जरा तिरकी टाकतं, डागाची कातडी ओढते म्हणून. सरितानं मला ओळखलं, खाली बसायला पोतं दिलं. दुकानवाले दादा बरे आहेत का, विचारलं. त्यांच्यामुळं लेकरू वाचलं, म्हणाली. रोज नाव घेतो आम्ही.

तिला खरं सांगायलाच मी गेलो होतो. ती चहा ठेवायला चुलीकडं वळली. मी पोत्यावर बसलो, चहा प्यायलो आणि परत आलो.